गोदामात टाकलेला नांगर

करारपत्राच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. घरभाड्याचे, भागीदारीचे, जमिनीचे, सगळे करार माझ्या काचेवर पालथे झोपून जातात. वकील पाच वर्षं शिकतात, मी एकोणीस वर्षं झेरॉक्स काढतोय. आता तुम्हीच ठरवा.

बायकोचा मात्र यावर विश्वास नव्हता. तिचा स्वतःचा ट्रक आहे आणि तो तीच चालवते. मी दुकानाचं शटर वर करताना दोनदा कंबर धरतो; ही दहा चाकांची गाडी अरुंद गल्लीतून रिव्हर्स घेताना एका हाताने केसांची पिन सारखी करते. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी ती गाडी वळवू लागली की मी हातातलं काम सोडून बघत राहतो. हे तिला कधी सांगितलेलं नाही. उगाच डोक्यावर बसायची.

तिचा एकच दोष. सगळा धंदा तोंडी. मालवाला म्हणाला, "ताई, पुढच्या आठवड्यात नक्की," की ही म्हणणार, "बरं." गाडी कुठे अडकून पडली तर त्या दिवसांचे पैसे मिळायला हवेत, त्याला हॉल्टिंग म्हणतात. तेही असंच बरं-बरं करत बुडायचं.

"यापुढे लेखी," मी जाहीर केलं. "करार मी करतो."

"तुम्ही नका हात लावू," ती म्हणाली. "मागे मिक्सर दुरुस्त करतो म्हणाला होतात."

मिक्सरचा इथे काय संबंध?

नशिबाने माझ्याकडे एक दणदणीत नमुना होता. किनाऱ्याकिनाऱ्याने माल नेणाऱ्या एका बोटीचा करार कुणी गिऱ्हाईक टाइप करून घेऊन गेलं होतं आणि तो माझ्या कॉम्प्युटरात तसाच पडून होता. बावीस कलमं! वाचतानाच धाप लागेल असा. मी एक बटण दाबलं आणि जिथे जिथे 'बोट' होतं तिथे तिथे 'गाडी' करून टाकलं. पहिलं पान तपासलं, चोख होतं. पुढची पानं बारीक अक्षरात होती, आणि चष्मा घरी होता.

गादी कंपनीच्या गोदामाचे साहेब तर माझ्याही वरचे निघाले. त्यांनी फोनवर बोलता बोलता न बघता सह्या ठोकल्या. बायकोने गाडीमालक म्हणून सही केली. खाली एक जागा रिकामी दिसली, तिथे मी साक्षीदार म्हणून झोकात सही केली. बायको म्हणाली, "वाचलंत ना सगळं?" मी नुसता हसलो.

माल गाद्यांचा होता. ही गोदामात पोचली आणि त्याच सकाळी तिथली पाण्याची मोठी टाकी फुटली. आवारात गुडघाभर पाणी! माल उतरवणारे पळाले, फाटक बंद झालं आणि आमची गाडी तीन दिवस आत अडकली.

तेवढ्यात शाळांचे बाक पोचवायचं मोठं काम तिच्याकडे चालून आलं. वर्षभराची वर्दी. पण पुढचे दोन्ही टायर पार गुळगुळीत झाले होते, आणि त्या टायरवर लांबचा रस्ता धरायचा म्हणजे जीव मुठीत. टायरवाला उधार द्यायला तयार नव्हता. हॉल्टिंगचे पैसे मिळाले तर टायर, टायर असले तर वर्दी. नाहीतर गाडी दारात उभी, आणि घर माझ्या झेरॉक्सवर.

"चल," मी म्हटलं. "बघच आता कागदाची ताकद." मी इस्त्रीचा शर्ट घातला.

साहेबांनी हॉल्टिंग हा शब्द ऐकताच मान हलवली. "टाकी काय आम्ही मुद्दाम फोडली? असे पैसे आम्ही देत नाही."

"करार काढा," मी शांतपणे म्हणालो. पहिल्या पानावरच्या यादीत 'थांबण्याचे पैसे: कलम अकरा' एवढं वाचलेलं मला आठवत होतं. "कलम अकरा. मोठ्याने वाचा."

त्यांनी वाचलं. "ओहोटीमुळे बंदरात पाणी अपुरे असल्यास गाडीने नांगर टाकून भरतीची वाट पाहावी. या काळाचे पैसे गाडीमालकास मागता येणार नाहीत."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ही कायद्याची भाषा असते," मी म्हणालो.

साहेबांनी पान उलटलं. "'गाडीच्या तळाला चिकटलेले शिंपले दर सहा महिन्यांनी खरवडावेत.' हीसुद्धा?" मग त्यांनी हिशेबनीसाला हाक मारली, "अहो, इकडे या, हे ऐका." हिशेबनीस आला, त्याच्यामागून टायपिस्ट आली, चहावालाही ट्रे घेऊन थांबला. गाडी बुडू लागल्यास कप्तानाने सर्वांत शेवटी उडी मारावी, हे वाचल्यावर टायपिस्टने पदर तोंडात कोंबला. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण फरशी पक्की होती.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मिक्सर होता.

मग तिने हात पुढे केला. "साहेब, जरा इकडे द्या."

तिने अकरावं कलम वाचलं, बारावं वाचलं, आणि खुर्ची ओढून बसली.

"ओहोटी असेल तर पैसे नाहीत. बरोबर?"

"असंच लिहिलंय," साहेब हसू दाबत म्हणाले.

"तुमच्या आवारात त्या दिवशी पाणी किती होतं?"

"गुडघाभर. मी स्वतः बूट हातात घेऊन बाहेर पडलो."

"मग ती भरती झाली. आता बारावं ऐका. 'भरती असूनही बंदराने माल उतरवून न घेतल्यास दर दिवसाचे पैसे द्यावेत.'" तिने कागद टेबलावर ठेवला. "तीन दिवसांचे द्या."

हिशेबनीस हसायचा थांबला. साहेब म्हणाले, "ताई, हा बोटीचा करार आहे हो!"

"सही तुमची आहे. बोट हवी होती तर बोट मागवायची."

आता सगळेच हसले, साहेबही. पण बायको हसली नाही.

"करार ठेवा बाजूला," ती म्हणाली. "यांनी केलाय, म्हणजे तो असाच असणार. माझं एवढंच ऐका. पाणी चढायला लागलं तेव्हा तुमची माणसं पळाली. मी गाडी रिव्हर्स घेत मागच्या भिंतीजवळच्या उंचवट्यावर चढवली. भिंत आणि आरसा यांच्यात हात शिरत नव्हता. तीन दिवस तिथेच झोपले. तुमची एक गादी भिजली का?"

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. घरी ती एवढंच म्हणाली होती, "अडकले होते जरा." माझा ऊर असा भरून आला की शर्टाची इस्त्री मोडली.

साहेबांनी खिडकीतून त्या उंचवट्याकडे पाहिलं. "तिथे तर माझी मोटार चढवायला मी धजत नाही," ते म्हणाले, आणि हिशेबनीसाकडे वळले. "तीन दिवसांचे काढा. आणि ताई, पुढचा मालही तुम्हीच न्या."

त्याच संध्याकाळी टायर बसले. बाकांची वर्दी मिळाली. मी दुकानात येईल त्याला सांगू लागलो, की कलम बारा नसतं तर काय झालं असतं! करार शेवटी कामाला आला की नाही?

चार दिवस तिने ऐकून घेतलं. मग एका सकाळी तोच करार माझ्यापुढे ठेवला आणि शेवटच्या पानावरच्या माझ्या झोकदार सहीवर बोट ठेवलं. मी चष्मा लावला. सहीखाली बारीक अक्षरात 'साक्षीदार' नव्हतं, 'खलाशी' होतं. शेजारीच बाविसावं कलम: प्रत्येक फेरीनंतर खलाशाने गाडी आतून-बाहेरून धुवावी.

"अगं, ते बोटीचं आहे," मी म्हणालो.

"सही तुमची आहे," कप्तान म्हणाली.

तेव्हा मंडळी, करारपत्राबद्दल काही विचारायचं असेल तर दुकानात दुपारनंतर या. सकाळी माझ्या हातात बादली असते.