तासाभरासाठी ॲडजस्ट

इंग्रजीत म्हणे लाखभर शब्द आहेत. भगवानचं म्हणणं असं, की त्यातला एकच शब्द नीट वापरता आला की डोंबिवलीत माणसाचं काही अडत नाही. तो शब्द म्हणजे ॲडजस्ट.

ठाण्याच्या ज्या सरकारी कचेरीत तो कारकून होता, तिथे सकाळपासून या शब्दाचाच कारभार चाले. कुणाची रजा संपली की ती पुढच्या वर्षीच्या रजेत ॲडजस्ट व्हायची. साहेबांच्या मेव्हण्याचं काम ॲडजस्ट व्हायचं, ते कसं, हे विचारायचं नाही. घरी यावं तर नाक्यावरचा शिंपी तंग ब्लाउजचे दोन टाके उसवून ॲडजस्ट करत बसलेला. रॉकेलच्या रांगेत मधेच घुसणारा म्हणायचा, ॲडजस्ट करा, आणि ज्याच्यापुढे घुसला तोही ॲडजस्टच करायचा. म्हणजे दादागिरीही यातच आणि सोशिकपणाही यातच. दुधात पाणी जास्त झालं तर दूधवाला म्हणायचा, उद्या ॲडजस्ट करतो, आणि दुसऱ्या दिवशी मापच कमी घालायचा. नवी सून सासरी ॲडजस्ट झाली म्हणजे तिने रडणं थांबवलं.

"मराठीत या प्रत्येकाला वेगळा शब्द शोधत बसावं लागेल," भगवान कचेरीत चहा पिताना सांगायचा. "तेवढा वेळ आहे कुणाला?"

त्याच्या बायकोला, हेमाला, मात्र या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. लोखंडी कपाट.

भगवानचं घर चाळीच्या वरच्या मजल्यावर. एक खोली आणि मागे स्वयंपाकघर म्हणून जे काही होतं ते. लग्न होऊन हेमा आली तेव्हा त्या खोलीत भगवान आणि त्याची धाकटी बहीण मालू राहत होते. आईवडील मागेच गेलेले. मग भगवानने डोकं लढवलं आणि हेमाच्या माहेरहून आलेलं कपाट भिंतीला न लावता खोलीच्या बरोबर मधे उभं केलं. कपाटाच्या अलीकडे नवराबायको, पलीकडे मालू. लग्नाला चार वर्षं झाली तरी हेमा आणि भगवान रात्री बोलत ते कुजबुजत, आणि त्यातलंही निम्मं मालूला ऐकू जायचं. हेमाचा मालूवर जीव होता. सख्ख्या बहिणीसारख्या राहायच्या दोघी. पण कपाट भिंतीला लागलेलं एकदा बघावं, एवढं एकच मागणं तिने त्या वर्षी गणपतीसमोर मागितलं होतं.

कपाट भिंतीला लागायचं तर मालूचं लग्न व्हायला हवं होतं. आणि मालू बघायला आलेल्यांसमोर तोंडच उघडायची नाही. नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्याकडे बघायची. दोन स्थळांनी 'मुलगी मुकी आहे की काय' असं मध्यस्थामार्फत विचारलं आणि तिसऱ्याने विचारण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

अशात विठ्ठलवाडीच्या सखाराम मास्तरांचं स्थळ आलं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, धाकटा मुलगा उत्तम, एका कंपनीत फिटर, सरळ, निर्व्यसनी. रविवारी संध्याकाळी सहाला येतो असा निरोप आला. निरोप आणणाऱ्याने जाता जाता पुस्ती जोडली, "मास्तर मुलीपेक्षा घर जास्त बघतात हां. घर बघून माणसं ओळखतो म्हणतात."

भगवानने एकदा घराकडे बघितलं, एकदा कपाटाकडे. लगेच त्याचा शब्द त्याच्या मदतीला धावून आला.

"कपाट बाहेर गॅलरीत काढू," तो हेमाला म्हणाला. "खोली कशी ऐसपैस दिसेल. समोरच्या दामाजीकडून सोफा आणू आणि काळुरामशेठकडून टीव्ही. तासाभराचा तर प्रश्न आहे."

"अहो, पण रविवारी टीव्ही?" हेमा म्हणाली.

"चालू कोण करतोय? नुसता ठेवायचा. घरात टीव्ही आहे म्हटलं की पुढचे दहा प्रश्न वाचतात."

रविवारी संध्याकाळी भगवान नाक्यावर पत्ते खेळायला जात असे. त्या वेळात चाळीत काय चालतं, याची त्याला कल्पना नव्हती.

दामाजी सोफा द्यायला तयार झाला. फक्त म्हणाला, "बाबा दुपारपासून त्याच्यावर झोपलेले असतात. उठवलं की दिवसभर शिव्या घालतात. सोफ्याबरोबर त्यांनाही तेवढं ॲडजस्ट करून घे."

काळुरामशेठ तर हसतच कबूल झाला. चाळ त्याचीच. आजूबाजूला आता जिथे इमारती होत्या, तिथे पूर्वी त्याची भातशेती होती, आणि शेतीचा एक तुकडा विकून आलेल्या पैशातून त्याने दारं असलेल्या लाकडी पेटीतला रंगीत टीव्ही घेतला होता.

"आरं, ने की. मालू आमचीच पोर हाय," तो म्हणाला. "पोरीचा काम झाला पायजे. मी पोरांना सांगतू, अँटेना पन वर बांधून देतील."

"अँटेना नको शेठ, नुसता—"

"बिगर अँटेनाचा टीवी बरा दिसतं का?"

रविवारी दुपारी हेमाने पदर खोचला आणि कपाट ढकलायला स्वतः पहिला हात लावला. चार वर्षांत इतक्या आनंदाने तिने घरातलं दुसरं काम केलं नव्हतं. कपाट गॅलरीत गेलं आणि खोली एवढी मोठी दिसायला लागली की मालू दोनदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून आली. मग सोफा आला. सोफ्यावर दामाजीचे वडील, भिवाजी, आडवे होते. त्यांना तसंच उचलून आणलं होतं आणि ते जागे झाले नव्हते. मग टीव्ही आला, अँटेना गच्चीवर चढली, वायर मागच्या खिडकीतून आत आली. भगवान दाराशी उभा राहून एकदा सगळं डोळे भरून बघत होता, तेवढ्यात काळुरामशेठची बायको कमळाबाई पाट घेऊन आत आली आणि टीव्हीसमोर पाट मांडून बसली.

"काय काम होतं, काकी?" भगवानने विचारलं.

"काम काय? पिक्चर बगाचा हाय."

तिच्यामागे खुद्द काळुरामशेठ, दोन सुना, त्यांची पोरं, खालच्या मजल्यावरच्या बायका, दामाजी, दामाजीची बायको. दर रविवारी संध्याकाळी टीव्हीवर पिक्चर लागायचा आणि हे सगळे शेठच्या ओटीवर जमायचे. आज टीव्ही वर आला, म्हणून तेही वर आले. कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. टीव्ही म्हणजे एक वस्तू, असं समजून भगवानने तो मागून आणला होता. टीव्हीच्या मागे अख्खी चाळ जोडलेली आहे, हे त्याच्या आता लक्षात आलं.

"काकी, आज टीव्ही बंद ठेवायचाय. पाहुणे येतायत."

"बंद टीवी बगाला पावने येतात का?" कमळाबाई म्हणाली. "येउं दे. करतील ॲडजस."

सहा वाजता सखाराम मास्तर, त्यांची बायको आणि उत्तम जिना चढून आले. दारात चपलांचा ढीग. गॅलरीत कपाट बाहेर काढलेलं. आतून बायकांचे हुंदके ऐकू येत होते, कारण पिक्चरमधल्या नायकाची आई नुकतीच वारली होती. मास्तरांनी टोपी काढली, हात जोडले आणि मान खाली घालून ते दारात उभे राहिले.

"काय हो, कधी झालं हे?" त्यांनी दाराजवळच्या दामाजीला हळूच विचारलं.

"मघाशीच. तुम्हाला जरा उशीर झाला," दामाजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

भगवान माणसं ओलांडत दाराशी पोहोचेपर्यंत मास्तरांच्या बायकोने डोळ्यांना पदरही लावला होता. त्याने सगळा खुलासा केला. मास्तरांनी टोपी पुन्हा घातली. त्यांना सोफ्याच्या टोकाला, भिवाजींच्या पायांशी, बसवण्यात आलं. थोड्या वेळाने भिवाजी उठून बसले, मास्तरांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि पुन्हा झोपले. मास्तरांच्या बायकोला कमळाबाईने आपल्या पाटाचा अर्धा भाग दिला आणि आतापर्यंतची गोष्ट सांगायला घेतली. उत्तम दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

मालू पोह्यांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच थांबली. पुढे पाऊल ठेवायला फरशी दिसत नव्हती.

"दे इकरं," कमळाबाईची सून म्हणाली, आणि बशा हातोहात पुढे सरकू लागल्या. ज्याच्या हाती बशी आली, त्याला ती आपल्यासाठीच आहे असं वाटलं. पाहुण्यांपर्यंत पोहोचली ती एक बशी, आणि तिच्यात नुसती लिंबाची फोड होती.

भगवानला वाटलं, याहून वाईट काही होणार नाही. तेवढ्यात वारा सुटला आणि पडद्यावर मुंग्या आल्या.

खोलीभर एकच गलका झाला. काळुरामशेठने मान वळवली. दाराशी एक धडधाकट पोरगा रिकामा उभा होता.

"ए पोरा, वर जा. अँटेना फिरव."

"शेठ, तो—" भगवान ओरडला, पण उत्तम गच्चीवर पोहोचलासुद्धा होता. तो फिटर. बिघडलेलं काही दिसलं की त्याचे हात आपोआप तिकडे वळायचे.

आता त्याला खालून सांगायचं कुणी? मागच्या खिडकीशी फक्त मालू होती. सगळी खोली तिच्याकडे बघायला लागली. हेमाने डोळे मिटून घेतले.

"आलं का?" वरून आवाज आला.

मालूने पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. मग टीव्हीकडे. मग खिडकीतून मान बाहेर काढली आणि म्हणाली, "नाही."

"आता?"

"गेलं. जे होतं तेही गेलं. डावीकडे करा."

"केलं."

"तुमच्या डावीकडे नाही. माझ्या."

"तुमचं डावं कुठलं? मला इथून नुसत्या बांगड्या दिसतायत."

"त्या बांगड्यांकडेच फिरवा मग. इतकं कसं कळत नाही?"

भगवान मटकन खाली बसला. बसायला जागा नव्हती, तो दामाजीच्या मांडीवर बसला. वर उत्तमने अँटेना फिरवली आणि चित्र लख्ख उमटलं.

"आलं. सोडा आता," मालू म्हणाली.

त्याने सोडली आणि चित्र गेलं. पकडली, आलं. पुन्हा सोडली, पुन्हा गेलं.

"धरूनच ठेव, बाबा," काळुरामशेठने फर्मावलं.

मुलगी बघायला आलेला मुलगा पिक्चर संपेपर्यंत गच्चीवर अँटेना धरून उभा राहिला. मालू खिडकीत होती. वरून काय काय विचारलं जात होतं ते गाण्यांच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही, पण ती उत्तरं देत होती आणि एकदा तर हसली. भगवानने आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात त्या शब्दाला शिवी घातली. आता कसलं लग्न आणि कसलं काय.

पिक्चर संपला. टीव्ही ज्या खांद्यांवरून आला त्याच खांद्यांवरून गेला, सोफा भिवाजींसकट गेला, आणि चाळ जिना उतरून गेली. रिकाम्या खोलीत सतरंजीवर मास्तर, त्यांची बायको आणि गंजाने हात लाल झालेला उत्तम. भगवानला कुणाच्या नजरेला नजर देववेना.

"मास्तर, माफ करा," तो म्हणाला. "आमचं घर नेहमी असं—"

"भगवानराव, मला बोलू द्या," मास्तर म्हणाले. "मी घर बघायला आलो होतो. आमच्याकडे दोन खोल्या, तीन मुलं, दोन सुना. रोज एका मोरीवरून भांडण. आणि इथं एवढी माणसं दोन अडीच तास बसली, कुणी कुणाला कोपर मारलं नाही. ते आजोबा माझ्या खांद्यावर घोरले, पण खरं सांगतो, घरी इतका निवांत मी कधी बसलो नव्हतो. उत्तम, तुझं काय?"

"मला पसंत आहे," उत्तम म्हणाला. "बोलतात फार, पण पसंत आहे."

"मालू?" भगवानने विचारलं.

"हो," मालू म्हणाली. इतकं स्पष्ट, की हेमा स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.

हेमाने मालूला मिठी मारली. मग तिची नजर गॅलरीतल्या कपाटाकडे गेली आणि तिथून रिकाम्या भिंतीकडे. भिंतीला कपाट नेमकं कुठे लावायचं, हे तिचं केव्हाच ठरलेलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एकच गोष्ट राहिली," मास्तर म्हणाले आणि घसा खाकरला. "उत्तमने ब्लॉक बुक केलाय. बिल्डर म्हणतो, ताबा मिळायला दोनेक वर्षं लागतील. आमच्याकडे तिसरी सून आणायची म्हणजे मोरीचे तीन भाग करावे लागतील. तेव्हा घरजावई वगैरे नाही हां, नुसतं ताबा मिळेपर्यंत, ही दोघं तुमच्याकडे राहिली तर? तुमच्याकडे जागेला काही तोटा नाही. ॲडजस्ट कराल ना?"

इतकी वर्षं भगवान कचेरीत, नाक्यावर, घरात सगळ्यांना सांगत आलेला शब्द आता त्याच्याच अंगावर आला होता. त्याने हेमाकडे बघितलं. हेमा मालूकडे बघत होती. मालू अजूनही हसत होती, आणि हे तिच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

हेमाने पदराने डोळे पुसले, तोच पदर पुन्हा कमरेला खोचला आणि गॅलरीकडे निघाली.

"चला, उठा," ती भगवानला म्हणाली. "कपाट आत घेऊ. आणि उद्या सकाळी शेठना विचारून या, त्यांच्याकडे आणखी एखादं जुनं कपाट पडलंय का ते. हे जरा अरुंदच आहे."