ऐनवाडीची दोन मिनिटं

बसलात का सगळे? मग मांडी घाला आणि मधे बोलू नका. का बोलायचं नाही, ते गोष्टीत पुढे येईलच.

तर झालं असं, की एका जंगलात ऐनवाडी नावाची वस्ती होती. ऐनाची झाडं, मधे मोकळं मैदान, कडेने ओढा. वस्तीत ससे होते, चितळं होती, माकडं होती, रानडुकरं होती. जो तो आपापलं चरायचा आणि आपापला झोपायचा. कुणाचं कुणावाचून अडत नव्हतं. म्हणून त्यांनी रहिवासी संघ काढला.

संघाचे अध्यक्ष झाले आबासाहेब गवे. त्यांच्याएवढं अंग दुसऱ्या कुणाचं नव्हतं, आणि अध्यक्षाची जागा भरलेली दिसायला हवी. सचिव झाले भाऊसाहेब साळिंदर. त्यांच्या पाठीवर लेखण्याच लेखण्या होत्या. लिहिता येतं का, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

संघाने पहिलं काम काय केलं असेल? फलक लावला. ओढ्याकाठी एक सपाट कातळ होता, त्यावर भाऊसाहेब रोज सकाळी वाडीच्या बातम्या लिहायचे. कुणाला पिल्लं झाली. कुणाच्या बिळात पाणी शिरलं. कुणाचं तरी शिंग गळून पडलं आहे, ओळख पटवून घेऊन जावं.

पण वाडी आवडीने वाचायची ती ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. जिवंतपणी भाऊसाहेब कुणाबद्दल चांगलं लिहीत नसत. मेल्यावर मात्र प्रत्येक जण मनमिळाऊ आणि सदा हसतमुख. एका रानडुकराला त्यांनी मितभाषी आणि टापटीप म्हटलं होतं. त्याची बायको फलकापुढे बराच वेळ उभी होती. हे आपल्याच घरचे का, असा तिला प्रश्न पडला होता.

दर आठवड्याला संघाची सभा भरायची. विषय पहिला, श्रद्धांजली. सगळ्यांनी उभं राहायचं, मान खाली घालायची, डोळे मिटायचे आणि दोन मिनिटं शांत राहायचं. दोन मिनिटं म्हणजे किती, हे आबासाहेब ठरवायचे. त्यांना उभ्याउभ्या डुलकी लागली की दोन मिनिटं चांगलीच लांबायची. मग मृताला मान म्हणून पुढचे विषय न घेता सभा तहकूब व्हायची आणि करवंदं वाटली जायची.

या वाडीत चंद्रा नावाची एक भेकरीण राहायला आली. बरोबर तिचं पाडस होतं. अंगभर ठिपके, म्हणून त्याचं नाव बुंदी. चंद्राचं आधीचं जंगल वणव्यात गेलं होतं. नवराही त्यातच गेला. तिला आता एकच हवं होतं. बुंदी मोठी होईपर्यंत एका जागी राहायचं, आणि पुन्हा कुठे पळायचं नाही.

“राहा की,” भाऊसाहेब म्हणाले. “अर्ज द्या. मंजूर झाला की सभासद. तोवर तुम्ही भाडेकरू. भाडेकरूला सभेत हजर राहता येतं, तोंड उघडता येत नाही.”

“पाण्यावर जाता येईल ना?”

“सगळ्यांचं पिऊन झाल्यावर.”

चंद्राला ते चाललं. शेजारी शेवंताकाकू म्हणून एक चितळ राहायच्या. पहिल्या दिवशी त्यांनीच बुंदीला कोवळा पाला आणून दिला. “इथली माणसं चांगली आहेत गं,” त्या म्हणाल्या. “फक्त सभा चुकवायची नाही.” मुलांनो, प्राणी प्राण्यांना माणसं कसे म्हणतील, असं विचारू नका. चांगल्या वस्तीत सगळेच स्वतःला माणसं म्हणवून घेतात.

त्याच सुमारास एक म्हातारा ससा करवंद घशात अडकून गेला. वय झालं होतं, कुणाचा दोष नव्हता. सभा भरली. सगळी वाडी मैदानात रांगेने उभी राहिली, माना खाली, डोळे मिटलेले.

नेमका तेव्हाच एक बिबट्या तिथून चालला होता. त्याने पाहिलं आणि तो थबकला. त्याच्या उभ्या आयुष्यात असं ताट कुणी वाढलेलं नव्हतं. पळापळ नाही, आरडाओरडा नाही, नुसतं येऊन उचलायचं. आपल्यावर कुणीतरी रागावलं असेल आणि हा सापळा असेल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण भूक मोठी होती. रांगेच्या टोकाला एक माकड होतं, ते त्याने अलगद उचललं आणि गेला.

डोळे उघडले तेव्हा रांगेत एक जागा रिकामी होती.

“करवंदांना न थांबता गेला,” आबासाहेब म्हणाले. “हल्ली शिस्त राहिली नाही.”

दुसऱ्या दिवशी माकडाची शेपटी ओढ्याकाठी सापडली. मग पुढच्या सभेत माकडाला श्रद्धांजली. दोन मिनिटं शांतता. डोळे उघडले तेव्हा एक ससा नव्हता. त्याच्या पुढच्या सभेत सशाला श्रद्धांजली. डोळे उघडले तेव्हा रानडुकराचं पोर नव्हतं. भाऊसाहेबांनी फलकावर कडक सूचना लिहिली, की सभासदांनी सभा चालू असताना मधेच उठून जाऊ नये.

वाडीत कुजबुज सुरू झाली, नाही असं नाही. म्हणून संघाने विषयपत्रिकेवर दुसरा विषय घेतला, ‘सभासद कमी का होत आहेत, यावर विचार.’ पण पहिला विषय संपला की सभा तहकूब. दुसऱ्या विषयाला हात लागायचाच नाही. तो आपला दर आठवड्याला पुढच्या आठवड्यात जायचा.

चंद्रा प्रत्येक सभेला यायची. मागच्या रांगेत उभी राहायची, बुंदीला पोटाशी घ्यायची आणि डोळे गच्च मिटायची. अर्ज मंजूर व्हायचा होता ना. पण डोळे मिटता येतात, नाक कसं मिटणार? एका सभेत तिला तो वास आला. तिने एक डोळा किलकिला केला.

पुढच्याच रांगेत, शेवंताकाकूंच्या मागे, बिबट्या उभा होता.

आता भेकराच्या घशात देवाने एकच काम ठेवलं आहे. बिबट्या दिसला की भुंकायचं. ते आईने शिकवावं लागत नाही. चंद्राच्या घशात भुंकणं आलं, पार जिभेपर्यंत आलं. आणि तिला आठवलं, की आपण भाडेकरू आहोत. तिने ते गिळलं.

डोळे उघडले तेव्हा शेवंताकाकू नव्हत्या.

त्या दिवशी चंद्राने करवंदं खाल्ली नाहीत. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती वाटायलाच हवी होती. बुंदी विचारत राहिली, काकू कुठे गेल्या. शेवटी चंद्रा उठली आणि तडक भाऊसाहेबांकडे गेली.

“बिबट्या येतो,” ती म्हणाली. “आपण शांत उभे असतो तेव्हाच येतो. मी बघितलं.”

भाऊसाहेबांनी मान वर केली. “बघितलं म्हणजे?”

“डोळ्यांनी बघितलं.”

“म्हणजे श्रद्धांजली चालू असताना तुम्ही डोळे उघडे ठेवले?”

“एकच उघडला होता,” चंद्रा म्हणाली.

भाऊसाहेब तिला आबासाहेबांकडे घेऊन गेले. आबासाहेब शांतपणे रवंथ करत होते. बिबट्या गव्याच्या वाटेला जात नाही आणि साळिंदराला तोंड लावत नाही, त्यामुळे दोघांचीही वृत्ती मोठी समतोल होती.

“बाई, तुमचं म्हणणं महत्त्वाचं आहे,” आबासाहेब म्हणाले. “ते दुसऱ्या विषयात बसतं. तेव्हा मांडा.”

“दुसरा विषय कधीच येत नाही.”

“कसा येईल? दर वेळी कुणीतरी गेलेलं असतं. माणुसकी आहे की नाही काही?”

“मग डोळे उघडे ठेवून उभं राहू या. निदान एकाने तरी.”

“आणि मृतात्म्याला काय वाटेल?” भाऊसाहेबांनी विचारलं.

शेवंताकाकू वाडीला फार प्रिय होत्या, म्हणून त्यांची श्रद्धांजली खास करायचं ठरलं. फलकावर त्यांच्या नावाभोवती वेलबुट्टी काढली. वाडीतली सगळी लहान मुलं पहिल्या रांगेत फुलं घेऊन उभी राहणार होती. बुंदीचं नाव त्यात सगळ्यात आधी होतं. शेजारची ना ती.

“बुंदी माझ्याजवळ उभी राहील,” चंद्रा म्हणाली.

“अर्ज याच सभेनंतर विचारात घेणार आहोत,” भाऊसाहेब म्हणाले. ते आवाज न चढवता बोलले.

सभा भरली. बुंदी पुढे उभी राहिली, तोंडात पळसाचं फूल धरून. चंद्रा मागे. आबासाहेबांनी मान खाली घातली. सगळ्यांनी घातली. ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं.

चंद्राने या वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवले. बिबट्या आला. आता तो लपतसुद्धा नव्हता. रांगेच्या कडेने चालत तो पुढे गेला. वाटेत एका सशाचा धक्का लागू नये म्हणून त्याने अंग चोरून घेतलं. पहिल्या रांगेपाशी येऊन त्याने मुलांवरून नजर फिरवली. मग तो बुंदीसमोर थांबला.

चंद्रा भुंकली.

अशी भुंकली, की ऐनाची पानं हलली. ती एकदा भुंकून थांबली नाही. शेवंताकाकूंसाठी गिळलेलं भुंकणंही तिने त्यात घातलं. सगळ्यांचे डोळे उघडले. ससे बिळात, माकडं झाडावर, डुकरं झुडपात. बुंदी फूल टाकून आईकडे धावली. बिबट्या मैदानात एकटाच उभा राहिला. त्याला फारच अवघडल्यासारखं झालं. तो खाली मान घालून निघून गेला.

त्या दिवशी कुणीही मेलं नाही.

मग संघाने तातडीची सभा घेतली. बऱ्याच काळानंतर पहिला विषयच नव्हता, त्यामुळे सुरुवात कशी करायची हे कुणाला सुचेना. आता दुसरा विषय येणार, म्हणून चंद्रा पुढे सरकून बसली. पण भाऊसाहेबांनी उठून नवाच विषय वाचला. ‘श्रद्धांजलीच्या वेळी एका भाडेकरूने केलेला आवाज.’

“दोन मिनिटंसुद्धा थांबता आलं नाही?” एक ससा म्हणाला.

“माझ्या मुलीसमोर बिबट्या उभा होता,” चंद्रा म्हणाली.

“भुंकायला कुणाची ना नाही,” एक माकड म्हणालं. “दोन मिनिटं झाल्यावर भुंकायचं होतं.”

“त्या बिबट्याकडून तरी शिका,” आबासाहेब म्हणाले. “इतक्या वेळा येऊन गेला म्हणता. कधी आवाज केला त्याने?”

शेवंताकाकूंचा नवरा मागे बसला होता. तो डोळे पुसत उठला. “आमच्या हिची शांतता अर्धवट राहिली,” एवढंच म्हणाला आणि खाली बसला. त्याचं दुःख खरं होतं. चंद्राने मान खाली घातली.

अर्ज एकमताने नामंजूर झाला. चंद्राने त्याच संध्याकाळी बुंदीला घेऊन ओढा ओलांडायचा असं ठरलं. ती निघाली तेव्हा तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. तसे सगळे चांगले होते. त्यांनी वाटेसाठी करवंदं बांधून दिली.

ती पलीकडच्या काठावर पोचली न पोचली, तोच मागून आबासाहेबांचा आवाज आला. “शेवंताबाईंची राहिलेली शांतता आता पूर्ण करू या.”

चंद्रा गर्रकन वळली. मैदानात पुन्हा रांगा लागल्या होत्या. माना खाली गेल्या. आणि ऐनाच्या मागून पिवळं काहीतरी हललं.

ती भुंकली. घसा फुटेस्तोवर भुंकली. बुंदीसुद्धा तिच्याबरोबर आपल्या चिमुकल्या आवाजात भुंकायला लागली.

मैदानात एका सशाचे कान हलले. त्याने डोळे न उघडता शेजाऱ्याला विचारलं, “कोण ओरडतंय?”

“ओढ्यापलीकडचं आहे,” शेजारी पुटपुटला. “आपल्या वाडीत येत नाही ते.”

दुसऱ्या दिवशी फलकावर बातमी आली, की शेवंताबाईंची श्रद्धांजली शांततेत पार पडली. त्याखाली त्यांच्या नवऱ्याची श्रद्धांजली होती. मनमिळाऊ, सदा हसतमुख.

पुढे काय झालं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. रांगा आखडत गेल्या. शेवटी मैदानात आबासाहेब आणि भाऊसाहेब असे दोघेच उरले. दोघांत सभा कशी भरवायची? तेव्हा बिबट्याने अर्ज केला. सगळ्या सभांना हजर, एकदाही गोंधळ नाही. त्याला त्याच दिवशी सभासद करून घेतलं. भाडेकरू राहावंच लागलं नाही.

त्या आठवड्यात कुणी मेलं नव्हतं. मरायला कुणी नव्हतंच. त्यामुळे अखेर दुसरा विषय चर्चेला आला, ‘सभासद कमी का होत आहेत, यावर विचार.’

आबासाहेबांनी विचार केला. भाऊसाहेबांनी विचार केला. मग नव्या सभासदाने परवानगी मागून हात वर केला.

“लोकांना हल्ली संस्थेसाठी वेळ नाही,” बिबट्या म्हणाला.

दोघांना ते मनापासून पटलं. भाऊसाहेबांनी ते फलकावर लिहून काढलं. ओढ्यापलीकडून चंद्राचं भुंकणं ऐकू येत होतं. आबासाहेबांनी तिकडे पाठ केली आणि करवंदं पुढे सरकवली. बिबट्या नको म्हणाला. त्याचं पोट भरलेलं होतं.

तात्पर्य: संकट दिसलं तरी सभेत कधी ओरडू नये. सभ्य माणसाने दोन मिनिटं थांबावं, म्हणजे त्याच्यासाठीही कुणीतरी दोन मिनिटं थांबतं. आणि ज्यांना ओरडल्याशिवाय राहवतच नाही, त्यांना अशी दोन मिनिटं कधीच मिळत नाहीत. ते बिचारे ओढ्यापलीकडे नुसते जगत राहतात.