पडद्यामागची भिकाबाई

चाँद पाशाच्या फिरत्या सिनेमाचा आवाज आखाडा बाळापुरात ऐन बाजाराच्या दिवशी बसला. पडद्यावर माणसं हलत होती, त्यांचे ओठही हलत होते, पण ऐकू काही येईना. यंत्र चालवणाऱ्या नासेरनं आवाजाच्या पेटीतून काळा पडलेला काचेचा दिवा काढून दाखवला. "मालक, हा नांदेडशिवाय मिळत न्हाई," तो म्हणाला.

चाँद पाशानं तंबूकडे पाहिलं. मागच्या महिन्यात वसमतला खेळ असाच बंद पडला, तेव्हा लोकांनी तंबूची कनात फाडली होती. ठिगळं लावून तंबू कसाबसा उभा होता. पुन्हा फाटला तर शिवायला जागा उरली नव्हती. आणि तंबूखेरीज त्याला पोटापाण्याचं दुसरं काही येत नव्हतं.

"हैदर, पडद्यामागून सिनेमातल्या नवऱ्याचं तू बोल," तो घाईनं म्हणाला. हैदर भोंगा घेऊन गावोगाव खेळाची दवंडी द्यायचा.

"बोलतो की. अन् बायकोचं?"

दोघांची नजर भिकाबाईकडे गेली. तांड्यावरची ही बाई रोज तंबूत सडा मारायची, पडद्यावर पाणी शिंपडायची आणि मग मागं बसून उलट्या बाजूनं फुकट सिनेमा बघायची. पाच दिवसांत पाच वेळा तिनं तो बघितला होता.

"मला हिंदी बोलता येत न्हाई, पाशाभाई."

"मराठीत बोल. ओठ हलले की बोल, थांबले की थांब. बस्स!"

हळू बोलणं हैदरला ठाऊकच नव्हतं. पडद्यावरच्या नवऱ्यानं चांदण्यात बायकोच्या कानाशी तोंड नेलं आणि साऱ्या बाजाराला ऐकू गेलं, "राणी, तुझ्याबगर मला करमत न्हाई हो! आजच या, सहकुटुंब या!" लोक हसून हसून लोळले. भिकाबाईचं मात्र वेगळं. सासूनं छळल्यावर ती अशी बोलली की बायांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. कनात वाचली म्हणून चाँद पाशानं अल्लाचे आभार मानले, पण जरा लवकरच.

कारण शेवटचा प्रसंग यायचा होता. नाचणारणीच्या नादानं लेकराबाळांना टाकून गेलेला नवरा परत येतो आणि बायको त्याच्याच पायांवर डोकं ठेवून माफी मागते, असा तो प्रसंग. नायिकेचे ओठ हलू लागले, तरी भिकाबाई गप्प.

"बोल की! 'माझं चुकलं, माफ करा' म्हण!" चाँद पाशा दबक्या आवाजात खेकसला.

"काहून? चुकलं त्याचं, माफी मी काहून मागू?"

पडद्यावर नायिका नवऱ्याच्या पायांशी वाकली आणि आवाज आला, "तुमचे जोडे वळखून ठेवून राहिले मी! पुन्हा या दारात दिसले तर याद राखा!"

नवरा हसून तिला उठवत होता. "कबूल हाय! गलती माझी!" हैदरनं दवंडीच्या सुरात बाळापूरला कळवलं. बायांनी तंबू डोक्यावर घेतला.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून दिवा आला आणि आसपासच्या गावांहून बाया आल्या. खऱ्या नटीचा मधाळ आवाज त्यांनी चुळबुळत सोसला, शेवटाच्या आशेवर. नटीनं गोड गळ्यानं माफी मागितली आणि पुढं बसलेली अमिनाबी ताडकन उठली.

"ही कोन बोलून राहिली? कालची बाई कुठाय?"

"अम्मा, हाच असली आवाज हाय," चाँद पाशानं हात जोडले.

"असला म्हून काय झालं? चांगला सिनेमा बिघडवला तुमी!"

कोणीतरी कनातीला हात घातला. टर्रकन एक ठिगळ उसवलं. चाँद पाशानं धावत जाऊन पेटीतला नवा दिवा स्वतःच्या हातानं उपटला. "नासेर, शेवटचं रीळ पुन्हा लाव! भिकाबाई, चल, बोल माझे माय!"

"बोलते. पर काल मी नुसता दम दिला, त्यानं माझं समाधान झालं न्हाई. आज काडीमोड."

"अगं, पण पडद्यावर ती त्याच्या गळ्यात पडते!"

"पडू द्या. बोलनार तर मी हाय ना?"

तेवढ्यात दुसरं ठिगळ उसवल्याचा आवाज आला. चाँद पाशानं मान डोलावली. थोड्याच वेळात पडद्यावर नवरा-बायको एकमेकांच्या मिठीत हसू लागली, हैदरनं खणखणीत आवाजात त्यांची काडीमोड जाहीर केली, आणि बाया तृप्त होऊन घरी गेल्या.