भिमाअण्णांचा माग आणि माझी दुसरी ‘ब’

लहान मुलांना ताल शिकवायला तबला-पेटी लागत नाही, डोकं लागतं! असं मी स्टाफरूममध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं. तेव्हा माझं डोकं जागेवर होतं.

आमची शाळा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला खेटून. शाळेच्या पेटीचा भाता उंदरांनी केव्हाच खाल्लेला. पण माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडे भिमाअण्णांचा टॉवेलचा माग दिवसभर चालतो. खटाक्-खट, खटाक्-खट! म्हटलं, तबलजी आयताच शेजारी बसलाय, मग काळजी कसली?

पंधरा दिवसांत दुसरी ‘ब’ची बेचाळीस पोरं मागाच्या ठेक्यावर टाळ्या देत गायला लागली. ‘उठला कोंबडा, झाडलं अंग, तुऱ्याला कसला लाल लाल रंग!’ एक टाळी चुकेल तर शपथ! पोरं मागवाल्यांचीच, हा ठेका त्यांनी पाळण्यात ऐकलेला.

शनिवारी संस्थेचे अध्यक्ष शिवानंदअप्पा गाणं ऐकायला येणार होते. ते ऐकून माझं कंत्राट वाढवायचं की मला घरी बसवायचं, हे ठरणार होतं. शुक्रवारी एकदम मनात आलं, माग ऐनवेळी थांबला तर? मी धावत जाऊन भिमाअण्णांना गाठलं.

“अण्णा, उद्या अकराला माग थांबवू नका हं!”

“मॅडम, तुमी बिनघोर ऱ्हावा. लाईट असंपर्यंत माग थांबत न्हाय!”

तरी रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

शनिवारी बरोबर अकराला अप्पा खुर्चीत बसले. मी हात वर केला. भिंतीपलीकडे चिडीचूप!

“सर, माग?” मी हेडसरांच्या कानाशी लागले.

“मीच बंद करायला लावला की! अप्पा आलेत, खटखट बरी दिसत न्हाय,” हेडसर अभिमानानं म्हणाले.

मी तशीच वर्गाकडे वळले. “म्हणा बाळांनो, उठला कोंबडा...”

एकाचंही तोंड उघडेना. शेवटी पुढच्या बाकावरची पायल उठली. “मॅडम, माग बंद हाय. लाईट गेली असंल. जेवून घ्यायचं!”

लाईट गेली की भाकरीचं फडकं सोडायचं, ही मागवाल्यांची रीत! बेचाळीस डबे खाडकन उघडले. शेंगाचटणीचा वास थेट अप्पांपर्यंत पोचला.

“डबे बंद! मी देते ठेका!” मी डस्टर टेबलावर आपटायला लागले. पण तिसराच ठोका चुकला.

“थांबा! धागा तुटला!” खिडकीजवळचा प्रभु ओरडला.

मागाचा ठोका चुकला म्हणजे धागा तुटला, आणि आधी तो शोधायचा, हे घरचे संस्कार. सगळा वर्ग बाकांखाली शिरला! अप्पाही धोतर सावरत खाली वाकले. “काय सांडलंय वो?”

माझी नोकरी सांडली होती, पण ते कसं सांगणार? तेवढ्यात हेडसरांच्या डोक्यात उजेड पडला. ते शेजारी पळाले.

खटाक्-खट, खटाक्-खट!

बाकांखालून बेचाळीस डोकी वर आली आणि गाणं असं रंगलं की अप्पा मान डोलवायला लागले! आनंदाच्या भरात मीही जोरजोरात टाळ्या वाजवू लागले. अप्पांची मान थांबली. ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी शेरेबुक मागवलं.

‘मुले तालात पक्की आहेत. मॅडमना एक वर्ष मुदतवाढ द्यावी. तेवढ्यात त्यांनीही ताल शिकून घ्यावा.’

तेव्हापासून शेवटच्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसते आणि पायल मला टाळ्या शिकवते. कालच तिनं कपाळावर हात मारून वर्गाला सांगितलं, “बाकाखाली शोधा रे! मॅडमचा धागा परत तुटला!”