११४ आणि २०७

"शुक्रवारपर्यंत एकही चूक उरणार नाही," असं लॅकलन पिरीने छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा टास्मानियातल्या त्या गावच्या कृषिमेळ्याची समिती खूश झाली. समिती म्हणजे तीन माणसं. अध्यक्ष केव्हिन ड्रूरी, आणि थेल्मा व मर्ल या सख्ख्या बहिणी. स्पंज केकच्या एका बक्षिसावरून दोघींनी अकरा वर्षं अबोला धरला होता. एकीने हो म्हटलं की दुसरी नाही म्हणणार, त्यामुळे सगळा कारभार केव्हिनच्या एकट्याच्या मतावर सुखाने चालला होता.

मेळ्याची वेबसाइट डेस मॉफट नावाच्या मास्तरांनी पीएचपी नावाच्या जुन्या संगणकी भाषेत लिहिलेली. मास्तर आता क्वीन्सलँडला मासे पकडत होते आणि फोन उचलत नव्हते. वेबसाइट नीट झाली तर लॅकलनला तीन वर्षांचं काम मिळणार होतं. नाहीतर होबार्टला मेहुण्याच्या विमा कार्यालयात जाऊन बसायचं, आणि मेहुण्याचं दर दुसरं वाक्य "मी तर तेव्हाच म्हणालो होतो"ने सुरू व्हायचं.

लॅकलनने कोड न चालवता, नुसता वाचून चुका काढणारा तपासनीस प्रोग्रॅम लावला. निघाल्या चारशे बारा. त्याने न वापरलेली नावं खुडली, जिथे माहितीची जागा रिकामी निघण्याचा धोका होता तिथे आधी खात्री करून घ्यायची सोय केली, आणि गुरुवारी एकच चूक उरली. चहाच्या तंबूतल्या पाळ्या लावणाऱ्या भागात एक अट होती: सभासद ११४ आणि २०७ एका पाळीत नकोत. तपासनिसाचं म्हणणं, ही अट कधीच लागू होणार नाही. कारण मास्तरांनी वर टीप लिहिली होती की क्रमांक आकडा म्हणून येतो, आणि खाली तो अक्षरांशी ताडून पाहिला होता; आकडा नि अक्षरं कधी जुळायची नाहीत. खरं तर क्रमांक अक्षरं म्हणूनच यायचा आणि अट इमानेइतबारे काम करत होती. पण तपासनिसाची श्रद्धा लेखी टिपेवर, अगदी कचेरीतल्या कारकुनासारखी. लॅकलननेही ते ११४ नि २०७ कोण हे न पाहता ओळ उडवली. चुका शून्य!

शनिवारी सकाळी दहाच्या पाळीला चहाच्या पिंपापाशी थेल्मा आणि मर्ल शेजारी शेजारी उभ्या होत्या. पाळी बदलून मागणं म्हणजे हार मानणं, त्यामुळे दोघीही हटायला तयार नव्हत्या. तंबूत कोणी चहा मागेना. लॅकलन चहाबरोबर खायचा स्कोन, म्हणजे जॅम लावलेला गोडसर पाव, घ्यायला गेला आणि अडकला.

"हिला सांग, दूध संपलंय," थेल्मा त्याला म्हणाली.

"हिला सांग, मला डोळे आहेत," मर्ल म्हणाली.

अर्धा तास तो असा निरोप्या झाला. शेवटी थेल्माने विचारलं, "ही पाळी लावली कोणी?" लॅकलन घाबरून खरं तेच बोलला. कोडमध्ये दोन क्रमांकांना वेगळं ठेवणारी एक ओळ होती, ती चुकीची निघाली म्हणून काढली.

दोघींनी आपापल्या बिल्ल्यावरचा क्रमांक पाहिला.

"म्हणजे आपल्याला कंप्युटरात घातलं होतं?" थेल्मा म्हणाली. हे तिने लॅकलनला नव्हे, बहिणीला विचारलं होतं.

"आणि सगळ्या गावाला ठाऊक असणार," मर्ल म्हणाली. "तू नि मी सोडून."

अकरा वर्षांचा अबोला तिथेच संपला. दोघी हातात हात घालून थेट केव्हिनला शोधायला निघाल्या. लॅकलनला अगदी भरून आलं. आपण दोन बहिणी जोडल्या, आता काम कुठे जात नाही, असं त्याला मनापासून वाटलं.

मंगळवारी समिती बसली. लॅकलनला काम द्यायचं का, असं केव्हिनने विचारलं आणि स्वतः होकाराचा हात वर केला.

थेल्मा म्हणाली, "चूक शोधली यंत्राने. ह्याने न विचारता खोडली. अहो, ह्याने एकदा आमच्या घरी येऊन विचारलं असतं तर?"

मर्लने मान डोलावली. नकाराचे दोन हात वर गेले. केव्हिनने ते हात दोनदा मोजले.

पुढच्या सोमवारी लॅकलन होबार्टला मेहुण्याच्या कार्यालयात रुजू झाला. तिथला कोडही पीएचपीत. तपासनिसाने नऊ हजार चुका काढल्या. लॅकलनने एकीलाही हात लावला नाही. आधी मेहुण्याच्या खोलीत जाऊन त्याने विचारलं, "इथे कोणाचं कोणाशी पटत नाही?"

मेहुण्याने चष्मा काढून त्याला नीट न्याहाळलं.

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत," तो म्हणाला, "सगळ्यांचं पटत होतं."