सुधारलेल्यांचा शोध

गुन्हेगार सुधारला आहे की नाही, हे त्याचं त्याला कळत नाही. त्यासाठी तज्ज्ञ लागतो. (आपलं चुकलं, हे मात्र त्याला आपोआप कळावं अशी अपेक्षा असते.) बालगुन्हेगारांसाठीच्या ‘सन्मार्ग’ कार्यक्रमाला असा तज्ज्ञ मूल्यमापन अधिकाऱ्यांच्या रूपाने लाभला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि मनात कुणाबद्दलही वाईट भावना नाही, असे हे साहेब.

काम साधं होतं. सुधारगृहातून सुटलेल्या मुलांना गाठायचं आणि कार्यक्रमाचा उपयोग झाला का, ते विचारायचं. पुन्हा गुन्हा करून आलेली मुलं गाठायला सोपी पडली, कारण ती साहेबांच्याच ऑफिसच्या खालच्या मजल्यावर, सुधारगृहात होती. त्यांना वेळही भरपूर होता. चौऱ्याण्णव टक्के मुलांनी कार्यक्रम ‘अत्यंत उपयुक्त’ ठरवला. उरलेल्यांची तक्रार फक्त चहाबद्दल होती. ‘पुन्हा सहभागी व्हायला आवडेल का?’ या प्रश्नाला सगळ्यांनी हो म्हटलं (आणि तसं त्यांनी करूनही दाखवलं होतं). सुधारलेली मुलं मात्र भलतीच बेजबाबदार निघाली. कुणाचा फोन बदललेला, कुणाचं घर. त्यामुळे त्यांचं मत शून्य टक्के भरलं.

कार्यक्रमावर देखरेख करणाऱ्या समितीच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “साहेब, एक तरी सुधारलेला दाखवा हो. नाहीतर गाशा गुंडाळावा लागेल.”

साहेबांची झोप उडाली. अखेर एकाचा पत्ता लागला. मोटरसायकली पळवण्यात एके काळी नाव काढलेला हा पोरगा अंगाने इतका बारीक, की सगळे त्याला सुतळी म्हणत. पत्ता त्याच्या आईनेच हौसेने दिला.

“सलूनमध्ये लागलाय. वर्ष होत आलं, एक खाडा नाही. तुम्ही त्याला सांगा ना साहेब, चांगलं चाललंय म्हणून. माझं त्याला खरं वाटत नाही.”

साहेबांना अगदी भरून आलं.

मूल्यमापनाचे नियम शास्त्रशुद्ध होते. प्रश्न ठरलेल्या शब्दांतच विचारायचा. शहानिशा व्हावी म्हणून मालकासमोर विचारायचा. आणि ऐकू आलं नाही ही सबब उरू नये, म्हणून मोठ्याने विचारायचा. साहेब सलूनमध्ये शिरले तेव्हा सुतळीचा वस्तरा एका गिऱ्हाइकाच्या गळ्यावर होता आणि शेजारी हेअर ड्रायर चालू होता. साहेबांनी नियमानुसार आवाज चढवला.

“सुधारगृहातून सुटल्यापासून तू एकूण किती गुन्हे केलेस? शून्य, एक ते तीन, की तीनपेक्षा जास्त?”

ड्रायर बंद झाला. सुतळीचं तोंड एवढंसं झालं, पण हात जरासुद्धा हलला नाही (ही स्थिरता साहेबांनी कार्यक्रमाच्या खात्यावर मांडली). “शून्य,” तो म्हणाला. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उठलं आणि गळ्यातल्या टॉवेलसकट रस्त्याला लागलं. त्या वर्षात दुकानातून गेलेली ती एकमेव वस्तू.

मालक माणूस वाईट नव्हता. “पोरगा हिरा आहे हो,” तो म्हणाला, “पण मला धंदा करायचाय.” संध्याकाळी हिऱ्याला नारळ मिळाला.

अहवालात साहेबांनी प्रामाणिकपणे लिहिलं : गुन्हे शून्य, नोकरी नाही. निष्कर्ष : या मुलांमध्ये चिकाटी कमी पडते. शिफारस : ‘नोकरीत टिकून कसे राहावे’ या विषयावर जादा वर्ग. समितीने टाळ्या वाजवल्या आणि कार्यक्रमाला मुदतवाढ मिळाली. सुतळीची आई आता साहेबांना दार उघडत नाही (शेरा : पालकांचं असहकार्य).

सुतळीला म्हणे दुसरीकडे काम मिळालंय. कुठे, ते तो सांगत नाही. साहेब शोधात आहेत. आता हे वाचताना तुमच्या नेहमीच्या सलूनमधला एखादा बारीकसा, कमी बोलणारा पोरगा तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल, तर तो सुतळी नव्हेच. त्या बिचाऱ्याने आयुष्यात कधी काही केलेलं नाही. तरी पुढच्या खेपेला तुम्ही दुसऱ्या कारागिराकडेच बसाल.