दोन डावे, दोन उजवे

एक खोडरबर. पट्टी लावून, ब्लेडने, मधोमध कापलेला.

शाळेच्या लायब्ररीतल्या फळ्या इतक्या वाकल्या होत्या की कडेला ठेवलेला शब्दकोश घसरत घसरत मध्यावर येऊन बसायचा.

लाकडाच्या वखारीपर्यंत सहा किलोमीटर खडी.

बुधवारी उतारावर मोठ्ठा आवाज झाला आणि पिकअपवर बांधलेल्या कपाटाची दोन्ही दारं आपणहून उघडली.

शनिवार, दुपारी बारा. त्याखाली दोन रेघा.

यातल्या कशाचा कशाशी काय संबंध, हे शुक्रवारी संध्याकाळी टायरच्या दुकानात उभ्या असलेल्या थोरल्याला विचारलं असतं, तर त्याला सांगता आलं नसतं. त्याला त्या क्षणी काहीच कळत नव्हतं. समोर भिंतभर टायर लटकत होती आणि प्रत्येकाच्या अंगावर आकड्यांची माळ होती. त्यातला कुठला आकडा रुंदीचा, कुठला वजनाचा आणि कुठला नुसताच, हे टायरवाल्या काकांनी दोनदा समजावलं होतं. थोरल्याने दोन्ही वेळा मान हलवली होती, आणि दोन्ही वेळा ती चुकीच्या ठिकाणी हलली होती.

"हे दहा प्लायचं आहे," काका म्हणाले.

"प्लायमधलं मला सांगू नका काका," थोरला म्हणाला. आयुष्य त्यात गेलं होतं. पण हा प्लाय लाकडाचा नव्हे, टायरच्या आतल्या थरांचा निघाला.

थोरला आणि धाकटा हे दोघे भाऊ. दोघांचा मिळून एक फर्निचरचा कारखाना आणि एक दणकट पिकअप. बुधवारी तिचं मागचं एक टायर फुटलं. उरलेली तिन्ही त्याच वाटेवर आहेत, असं काकांनी नुसतं बोट फिरवून सांगितलं. चारही बदलायची होती, टिकाऊ घ्यायची होती, आणि आजच घ्यायची होती. कारण शनिवारी बाराच्या आत शाळेत सहा रॅक पोचवायचे होते. ते पसंत पडले तर तिन्ही मजल्यांचं काम मिळणार होतं. नाही पोचले, तर ते दुसरा एक कारखानदार घेऊन जायला टपलेलाच होता. कारखान्यात चार महिने मोठं काम नव्हतं. धाकट्याने तर कंटाळून करवतीसाठी लाकडी पेटी केली होती, आणि त्या पेटीसाठी दुसरी पेटी.

गाडी कुठे चालते, असं काकांनी विचारलं.

"गावात. डांबरी रस्ता," थोरला म्हणाला.

"वखारीला. खडी," धाकटा म्हणाला.

दोघं एकाच वेळी बोलले आणि दोघंही खरं बोलले. तयार माल पोचवायचं काम थोरल्याचं. त्याला बारीक नक्षीचं, आवाज न करणारं, पॉलिश केलेल्या टेबलाला धक्का न लागू देणारं टायर हवं होतं. लाकूड आणायचं काम धाकट्याचं. त्याला मोठमोठ्या ठोकळ्यांचं, दगडावर चढून बसणारं टायर हवं होतं. टिकतं कुठलं, यावर काकांचं म्हणणं असं की दोन्ही टिकतात, पण आपापल्या रस्त्यावर. दुसऱ्याच्या रस्त्यावर दोन्ही झिजतात.

"म्हणून मधलं घ्या," ते म्हणाले. "दोन्हीकडे चालतं."



"मधलं म्हणजे दोघंही हरलो की," धाकटा म्हणाला.

थोरल्याचं आणि त्याचं अकरा दिवसांत एकाही गोष्टीवर जमलं नव्हतं. यावर जमलं.

या घराची एक रीत होती. दोघे शाळेत असताना एका खोडरबरावरून इतके भांडले की आईने तो मधोमध कापून दोघांच्या हातात एकेक तुकडा ठेवला आणि स्वतः जाऊन झोपली. तेव्हापासून जे काही अडेल ते अर्धं व्हायचं. कारखान्याच्या फरशीवर रंगाची रेघ होती. आत शिरताना डावीकडचं थोरल्याचं, उजवीकडचं धाकट्याचं. पंखा बरोबर रेघेवर होता, त्यामुळे वारा दोघांनाही सारखाच कमी लागायचा. दारावरची पाटी अर्धी हिरवी, अर्धी निळी. रीत चांगली होती. तीस वर्षांत अबोला कधी तीन दिवसांच्या पुढे गेला नव्हता.

तेव्हा दोन टायर याची, दोन त्याची, हे ठरायला मिनिटही लागलं नाही. काकांनीही मान डोलावली. पुढच्या जोडीला एक जात, मागच्या जोडीला दुसरी, असं चालतं म्हणाले. पुढे कुठली बसवू?

इथे घोळ झाला. पुढची चाकं म्हणजे पुढची. ती ज्याची, तो पुढे. थोरला म्हणाला, वयाने मी पुढे आहे. धाकटा म्हणाला, वयाचा आणि चाकाचा काय संबंध. काका हवेची नळी हातात धरून उभे राहिले. शेवटी थोरल्यालाच सुचलं. कारखान्यात जसं आहे तसंच गाडीत करायचं. डाव्या बाजूची दोन त्याची, उजव्या बाजूची दोन धाकट्याची.

काकांनी नळी खाली ठेवली. मग पुढचा अर्धा तास ते बोलले. एक जात उंचीला जास्त भरते, एक कमी, गाडी एका अंगाला ओढेल, हे त्यांनी हाताने दाखवलं, खडूने काढलं, शेवटी स्वतः एक पाय वाकडा टाकून चालून दाखवलं. दोघा भावांनी नीट ऐकून घेतलं. मग काकांनी एका कागदावर 'माझ्या सांगण्याविरुद्ध बसवली' असं लिहून सही मागितली. धाकट्याने दोघांची नावं लिहिली, थोरल्याने आडनाव.

गाडी दुकानातून बाहेर पडली आणि डावीकडे वळली. घर उजवीकडे होतं.

"नवीन आहेत," थोरला म्हणाला. "बसतील हळूहळू."

शनिवारी सकाळी रॅक चढवून झाल्यावर थोरल्याची बायको अंगणात आली. तिने गाडीकडे समोरून पाहिलं, मग मान थोडी कलती करून पाहिलं. तेव्हा कुठे गाडी सरळ दिसली.

"असं करा," ती म्हणाली, "ही मधून कापाच. दोन दोन चाकांवर न्या दोघं."

"वहिनी, चेष्टा नको," धाकटा म्हणाला. "उशीर होतोय."

नऊ किलोमीटरला दोन तास हाताशी होते. थोरला चालवायला बसला. त्याच्या उजव्या कानात ठोकळ्यांची घूंघूं चालू होती, डाव्या कानात काहीच नव्हतं, आणि या दोन्हींच्या मधल्या जागेत त्याला विचार करता येत नव्हता. सरळ जायचं तर स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरावं लागत होतं. उजवीकडे वळायचं तर आणखी ओढायला काही उरतच नव्हतं. पहिला उजवा चौक आला आणि गेला. दुसराही गेला. थोरल्याने दोन्ही चौकांकडे नातेवाईक स्टेशनवर राहून गेल्यासारखं मागे वळून पाहिलं.

धाकट्याने कानावरची पेन्सिल काढली आणि तळहातावर काहीतरी आखलं.

"दादा, तीन डावे म्हणजे एक उजवा."

थोरल्याला हे पटायला एक अख्खा पूल लागला. मनातल्या मनात तो तीनदा डावीकडे वळला आणि तिसऱ्या वळणाला हरवला. पण दुसरा उपाय नव्हता. मग डावा, डावा, डावा, थोडं सरळ. डावा, डावा, डावा. एका गल्लीतून ते इतक्यांदा गेले की कपडे वाळत घालणाऱ्या बाईने चौथ्या खेपेला त्यांना हात केला. धाकट्यानेही केला. पाच उजव्या वळणांची पंधरा डावी झाली तेव्हा घड्याळात बाराला पाच कमी होते, आणि शाळा समोर दिसत होती.

फाटक उजवीकडे होतं.

शाळेसमोर एक चौकोनी बाग होती. म्हणजे चुकलं की बागेला वळसा घालून परत फाटकासमोर यायचं. पहिल्या खेपेला नेमकी फाटकातून बस बाहेर आली. दुसऱ्या खेपेला थोरल्याने सगळा जोर लावला, गाडी अर्धी वळली आणि तिचं तोंड थेट फाटकाच्या खांबावर आलं. तो घाईने पुढे निघून गेला. बारा वाजून गेले होते. त्याचे दंड भरून आले होते आणि डोळ्यांसमोर तो टपलेला कारखानदार तिन्ही मजल्यांवर रंधा मारत होता.

"अर्धं मला दे," धाकटा म्हणाला.

"काय?"

"स्टिअरिंग. डावं अर्धं माझं. मी वर ढकलतो, तू उजवं खाली ओढ."

तिसऱ्या खेपेला दोघांनी मिळून ते चाक फिरवलं. गाडी मुंगीच्या पावलांनी, कण्हत, दोन्ही खांबांपासून सारखं अंतर ठेवून आत गेली. बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

मुख्याध्यापिका बाई पायऱ्यांवर उभ्या होत्या. थोरल्याने वाटेत माफीचं एक वाक्य तयार केलं होतं, पण त्यातही तीन डावी वळणं होती आणि ते कुठेच पोचेना.

"मी वरून बघत होते," बाई म्हणाल्या. "दोन फेऱ्या मारल्यात, तिसरीला आत आलात."

"बाई, त्याचं असं झालं..."

"सकाळी दहा वाजता ते दुसरे आले होते नमुना घेऊन. पहिल्या झटक्यात आत. तो बघा."

आतल्या अंगाला झेंड्याचा चौथरा होता. त्याचा एक कोपरा जमिनीवर पडला होता.

"फाटकातून येताना जो माणूस दोनदा अंदाज घेतो," बाई म्हणाल्या, "त्याला माझ्या वर्गांत खिळे ठोकायला द्यायला मला भीती नाही."

धाकट्याने तोंड उघडलं. थोरल्याने त्याच्या पायावर पाय ठेवला. सगळ्या शब्दकोशांचं वजन एकाच फळीवर ठेवून झालं, फळी हलली नाही, आणि तिन्ही मजल्यांचं काम दोन महिन्यांत पुरं करायचं ठरलं.

पण दोन महिन्यांत तिन्ही मजले म्हणजे वखारीच्या चोवीस खेपा आणि शाळेच्या तीस. रविवारभर दोघे रेघेच्या दोन बाजूंना बसून यावर बोलले. धाकट्याचं म्हणणं, आता तर खडीशिवाय गत्यंतर नाही. थोरल्याचं म्हणणं, आता तर डांबराशिवाय नाही. संध्याकाळी आईने विचारलं की एवढं काय चाललंय, आणि उत्तराची वाट न बघता झोपायला गेली.

सोमवारी दुकान उघडताच दोघे काकांपुढे उभे होते. थोरल्याने समजावून सांगितलं. वखारीच्या दिवशी चारही चाकं धाकट्याची. शाळेच्या दिवशी चारही त्याची. जॅक घरात आहेच. तेव्हा दोन्ही जातींची आणखी दोन-दोन द्या, रिंगांसकट.

"मधलं अजून आहे," काका म्हणाले. विचारायचं म्हणून विचारलं.

दोघांनी एकदमच मान हलवली. या वेळी थोरल्याची मान बरोबर ठिकाणी हलली.

काका हसले नाहीत. आत गेले आणि कोपऱ्यातलं एक फडकं उचललं.

दोन बारीक नक्षीची, दोन ठोकळ्यांची, ती चार टायर त्यांनी शुक्रवारी संध्याकाळीच बाजूला काढून ठेवली होती.